तीन नंबरची लाइन

कासारखेड्याच्या बाजारपेठेत मोतीलाल शेठचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या माडीवर त्यांचाच कॉम्प्युटर क्लास. तीन मशीन, एक खडखडणारा प्रिंटर, खिडकीत वाळ्याचा कूलर, दाराबाहेर चपलांची रास. कोकिळा तिथे शिकवायची. बी.कॉम. झालेली, बावीस वर्षांची मुलगी. तिच्या जोडीला असलम. तो तिची शाळेतली मैत्रीण जुबेदा हिचा थोरला भाऊ. मशीन बिघडलं की उघडणारा असलम, आणि पोरांना डेटाबेस, लेजर, पगारपत्रक शिकवणारी कोकिळा.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालच्या ऑगस्टमधली. पहिल्या आठवड्यात सकाळच्या बॅचला बावीसपैकी नऊ पोरं आलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी अकरा. कोकिळाने एकाच्या घरी निरोप धाडला, तर उत्तर आलं, कावीळ झाली. दुसऱ्याच्या घरूनही तेच, आणि तिसऱ्याच्याही.

"हजेरीत यांच्या गल्ल्या टाकून बघ," असलम म्हणाला.

तिने टाकल्या. मोमीन गल्ली, तेली गल्ली, खालचा कुंभारवाडा, पुन्हा मोमीन गल्ली. वरच्या पेठेतला एकही पोरगा आजारी नव्हता.

नगरपालिकेच्या दवाखान्यात विचारलं तर सांगण्यात आलं, साथ वगैरे काही नाही, पोरं बाहेरचं खातात, उसाचा रस पितात. इकडे गावात कावीळ उतरवणाऱ्याच्या ओट्यावर सकाळपासून रांग लागत होती. तो चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावायचा, पाणी पिवळं झालं की माणसं समाधानाने घरी जायची आणि तेच नळाचं पाणी पुन्हा प्यायची.

असलम आणि कोकिळाने ठरवलं, आपणच मोजू. क्लासमधली धडधाकट पोरं-पोरी मिळून आठ जण निघाले. दोघादोघांनी एकेक गल्ली वाटून घेतली. नाव, वय, गल्ली, डोळे कधी पिवळे झाले, पाणी कुठलं पिता, घरात कुणी गरोदर आहे का. वहीत लिहून आणायचं आणि दुपारी क्लास रिकामा असला की मशीनमध्ये भरायचं. लोक आधी दचकायचे. कुणाला वाटायचं रेशनकार्डाची तपासणी आहे, कुणाला वाटायचं कुटुंबनियोजन. मोमीन गल्लीत असलम सोबत असला की दारं उघडायची, कुंभारवाड्यात कोकिळा असली की. दहा दिवसांत दोनशे चौदा नावं झाली. तोवर तीन माणसं दगावली होती, त्यातल्या दोन बाया पोटुशा.

जुबेदा त्या दिवसांत माहेरीच होती. पहिलटकरीण, आठवा महिना. जुलैच्या सुरुवातीला दोंडाईच्याहून आली होती. कोकिळा रोज क्लास सुटल्यावर मोमीन गल्लीत तिच्याकडे डोकवायची.

"पाणी उकळून पी गं."

"उकळते की," जुबेदा म्हणायची. "पण घासलेट रेशनचं. दुकानदार म्हणतो, पुढच्या आठवड्यात ये. चुलीवर अम्मी दोन वेळचं करते, त्यात पाण्याचं आधण कुठे बसवणार? रात्रीचं एक पातेलं उकळते, तेवढंच माझं. तहान लागली की मग माठातलं."

कोकिळाने आपल्या घरातला घासलेटचा डबा अर्धा तिला आणून दिला. तिची आई दोन दिवस तिच्यावर धुसफुसत होती.

यादीत एक गोष्ट असलमला कळत नव्हती. कुंभारवाडा एकच, मग वरच्या अंगाला दोन रोगी आणि खालच्या अंगाला एकोणतीस, असं कसं? कोकिळाला मात्र ते कळायला लागलं होतं. एका दुपारी असलम दुसऱ्या मशीनपाशी वाकलेला असताना तिने यादीत आणखी एक रकाना वाढवला. प्रत्येक घराला पाणी कोणत्या लाइनीवरून येतं, तो नंबर. हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. तिचे वडील शालिग्राम आबा नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते. कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी सुटतं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. दीड तास लागला रकाना भरायला. मग तिने त्या रकान्याच्या क्रमाने यादी लावली.

एक नंबरच्या लाइनीवर सात. दोनवर चार. उरलेले दोनशे तीन तीन नंबरवर. पडद्यावर तीन, तीन, तीन असे आकडे खाली सरकत राहिले. तीन नंबरचा व्हॉल्व्ह रोज पहाटे तिचा बाप उघडत होता.

असलमने विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि फाइल बंद केली.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी आबा जेवायला बसले होते. कोकिळाने कागद त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. आबा चौथी शिकलेले, इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, पण आकडे येत होते. तिने बोटाने दाखवत सगळं समजावलं. आबांचा घास हातातच राहिला.

"हाई यादी कोनले दखाडी व तू?"

"अजून कुणालाच नाही."

ताट सरकवून आबांनी हात धुतला आणि भिंतीला टेकून बसले. बस स्टँडच्या मागे मोठा नाला होता, त्याच्या पोटातून तीन नंबरचा पाइप जात होता. दिवाळीपासून त्याचा सांधा गळत होता. पाणी चालू असलं की पाइप बाहेर फेके, आणि बंद झालं की नाल्यातलं आत ओढून घेई. आबांनी हे पाहिलं होतं. पालिकेच्या मुख्याधिकारी साहेबांना तीनदा सांगितलं होतं.

"तीन डाव लिखी दिधं मी. तीन डाव! साहेब बोलना, बजेटमा घेवू."

"मग आपण सांगू ना लोकांना."

"बेटा," आबा म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला, "चौदा वरीस व्हयनात रोजंदारीवर. मनी फाइल जळगावले गयी शे. ह्या दिवाईले माले कायम करतीन. तू हाई कागद वर धाडशी, त साहेब पह्यले माले काढी. म्हनी, व्हॉल्व तूच उघाडे. थोडा दिन थांब. मी स्वता साहेबले सांगस."

वडिलांनी आजवर कुणापुढे हात जोडलेले तिने पाहिले नव्हते. आता ते लेकीपुढे जोडले होते. कोकिळाने कागदाची घडी घातली आणि पोलक्यात ठेवली.

ती आठ दिवस थांबली.

त्या आठ दिवसांत ती असलमला रोज काहीतरी कारण सांगत राहिली. नावांत चुका आहेत, वयं तपासायची आहेत, तेली गल्ली पुन्हा फिरायला हवी. असलम चिडायचा, पण तिचं ऐकायचा. आबा साहेबांकडे गेले. साहेबांनी त्यांना बाकावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी सांगितलं, टाकीत औषध जास्त टाका. आबांनी टाकलं. नळाला दवाखान्यासारखा वास येऊ लागला. यादी मात्र वाढतच राहिली. कोकिळा रोज नवी नावं भरायची आणि प्रत्येक नावापुढे तीनचा आकडा टाकताना तिची बोटं जड व्हायची.

नवव्या दिवशी ती रोजच्यासारखी मोमीन गल्लीत गेली. जुबेदा खाटेवर आडवी होती. दोन दिवस जेवण जात नाही म्हणाली, पित्त झालं असेल. कोकिळाने तिला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि तिची खालची पापणी ओढून पाहिली. आतलं पांढरं हळदीसारखं झालं होतं.

त्याच दुपारी तिने असलमला सगळं सांगितलं. रकाना, नंबर, नाला, आबा, आठ दिवस. ती शिव्यांची वाट बघत होती. तो म्हणाला, "प्रिंट काढ."

पालिकेत मुख्याधिकारी साहेबांनी कागद वरून खाली, खालून वर पाहिला.

"सर्व्हेची परवानगी कुणी दिली तुम्हाला?"

"साहेब, माणसं मरतायत," असलम म्हणाला. "तीन नंबर बंद करा. टँकरने पाणी द्या. इतकंच म्हणणं आहे आमचं."

"कॉम्प्युटरला काय, तुम्ही जे भराल ते तो छापेल." साहेबांनी कागद टेबलावर टाकला. "तुम्ही डॉक्टर आहात? इंजिनिअर आहात? गावात घबराट माजवली म्हणून गुन्हा दाखल करू शकतो मी." मग कोकिळाकडे वळून म्हणाले, "तू शालिग्रामची मुलगी ना? घरात विचारलंस का?"

ते दोघं क्लासवर पोचायच्या आत साहेबांचा निरोप मोतीलाल शेठना पोचला होता. शेठ वाईट माणूस नव्हता. पण दुकानाच्या मागचं बांधकाम त्याने परवानगीशिवाय केलेलं होतं आणि साहेबांना ते ठाऊक होतं. माडीवर येऊन तो खुर्चीत बसला, घाम पुसला.

"भाऊ, माझ्या मशीनवर हे नको. आत्ता माझ्यासमोर पुसून टाका. फ्लॉप्या इथे ठेवा."

असलमने त्याच्या देखत फाइल पुसली. तीन फ्लॉप्या टेबलावर ठेवल्या. चौथी त्याच्या सायकलच्या सीटखाली होती, ती शेठने विचारली नाही आणि असलमने सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने दोघं अमळनेरला गेले. तिथे असलमचा एक ओळखीचा मुलगा लग्नपत्रिका छापायचा, त्याच्याकडे मराठी अक्षरांचं मशीन होतं. दोनशे एकोणसाठ नावं पुन्हा मराठीत टाइप करायची होती. दोघांनी आळीपाळीने केली. मधेच दोन तास वीज गेली आणि असलम नुसता येरझारा घालत राहिला. घरी जुबेदाला उलट्या चालू होत्या. डॉक्टर येऊन गेले होते, धुळ्याला न्या म्हणाले होते. तिच्या सासरचे यायची वाट बघत असलमचे अब्बा थांबले होते. वीज आल्यावर दोघांनी मोठ्या अक्षरात मथळा टाकला: तीन नंबर लाइनीचे पाणी पिऊ नका. खाली नावं, गल्लीवार. शेवटी मेलेल्यांची नावं वेगळ्या चौकटीत. तेव्हा चौकटीत पाच नावं होती.

दुपारी चारला ते परत आले तेव्हा क्लासमधली पोरं बोळात थांबलेलीच होती. एका तासात कागद सगळ्या सार्वजनिक नळांपाशी, मशिदीच्या कोपऱ्यावर, मारुतीच्या पारावर, दवाखान्याच्या दारावर लागले.

असलमला वाटलं होतं, लोक वाचतील आणि पालिकेवर जातील. लोकांनी वाचलं. पण यादीत सगळ्यात जास्त नावं मोमीन गल्लीची दिसली, तेव्हा वरच्या पेठेत काही जण म्हणाले, त्यांच्या गल्लीतूनच रोग आला. मोमीन गल्लीत काही जण म्हणाले, आमची बदनामी करायला नावं छापली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निम्मे कागद फाटलेले होते. आणि खालच्या कुंभारवाड्यातल्या बाया कोकिळाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पुढे सुगंधाबाई. तिची सून त्या चौकटीत होती.

"शालिग्राम भाऊ! तुनी अंडेर, हाई कोकिळा, लिखस पानी जहर शे. आनि तू त्ये रोज आमले पाजस?"

आबा ओट्यावर आले. कोकिळाची आई आतून म्हणाली, "बठ्ठा गाव आपले नाव ठेवी राहिना, पोरी. काय करी ठेवं तू हाई?" आणि कोकिळा आई आणि आबांच्या मधे दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. कुणाच्या बाजूला जावं हे तिला कळेना.

त्याच वेळी असलम सायकल टाकून धावत आला. जुबेदा बडबडायला लागली होती. माणसं ओळखत नव्हती.

भाड्याच्या जीपमध्ये मागच्या सीटवर जुबेदाला आडवं घातलं. डोकं तिच्या आईच्या, अमिनाबींच्या मांडीवर आणि पाय कोकिळाच्या. असलम पुढे ड्रायव्हरशेजारी. धुळ्याचा रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला जुबेदा कण्हायची आणि मग निम्म्या रस्त्यात कण्हणंही थांबलं. एकदाच तिने डोळे उघडले आणि कोकिळाकडे बघून अगदी स्वच्छ विचारलं, "कोकिळा, शाळा सुटली का गं?"

"सुटली," कोकिळा म्हणाली. "चल, घरी जाऊ."

दवाखान्यात डॉक्टरांनी हात लावून पाहिलं, रक्त काढलं, बाटली लावली. कुणी कसूर केली नाही. बाळाचे ठोके आधीच थांबले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला जुबेदा गेली.

असलम भिंतीकडे तोंड करून उभा होता. कोकिळाने डॉक्टरीणबाईंना जिन्यात गाठलं आणि विचारलं, "मॅडम, आठ दिवस आधी पाणी बंद केलं असतं तर?"

त्या थकलेल्या होत्या, पण थांबल्या. "या काविळीचं विष पोटात गेल्यावर महिनाभराने डोळे पिवळे होतात. तिच्या पोटात ते केव्हाच गेलं असणार. आठ दिवसांनी तिचं काही वेगळं झालं नसतं."

कोकिळाला क्षणभर हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याची शिसारी आली. जुबेदाचं काही वेगळं झालं नसतं. पण त्या आठ दिवसांत तीन नंबरचं पाणी पहिल्यांदा प्यालेलं कुणीतरी असेलच. त्याचे डोळे अजून पांढरे असतील.

जुबेदाला दुपारी कासारखेड्याच्या कबरस्तानात पोचवलं. आबा जनाज्याच्या मागे पायी गेले, बाहेरच्या भिंतीपाशी टोपी हातात घेऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तीन नंबरच्या नळांवर हंडे लागले आणि पाणी आलं नाही. साडेसहा झाले, सात झाले. माणसं व्हॉल्व्हच्या चेंबरपाशी गेली. आबा चेंबरच्या लोखंडी झाकणावर मांडी घालून बसले होते. व्हॉल्व्ह फिरवायची लांब चावी मांडीवर आडवी होती.

"पानी सोड ना, शालिग्राम भाऊ! पोऱ्यासले काय पाजू?"

"हाई पानी मी सोडाव नही," आबा म्हणाले.

"मग कोन सोडी?"

"कोनीच नही. नाल्यामाईन घान येस त्यामा. दिवाईपासून येस. माले मालूम व्हतं." आबा उठले नाहीत, पण त्यांचा आवाज वाढला. "साहेबले तीन डाव लिखी दिधं. मंग मी गप बसनू. नोकरीनी आशा व्हती. मनी अंडेर बोलनी, त तिलेबी मीच गप बसाडं. आते माले मारा, नहीत नाल्यावर चला. मी दखाडस तुमले."

कोकिळा गर्दीत मागे उभी होती. कुणीतरी खरोखरच आबांच्या अंगावर धावून गेला, त्यांचा सदरा फाडला. सुगंधाबाईने त्याचा हात धरला. नुसता धरून ठेवला. मग माणसं नाल्याकडे निघाली. टिकाव, फावडी, जे मिळेल ते घेऊन. मोमीन गल्लीतली तरणी पोरं आणि कुंभारवाड्यातली तरणी पोरं गुडघाभर घाणीत शेजारी-शेजारी उभी राहून उकरत होती. साडेदहाला पाइप उघडा पडला. सांध्यातून मनगट आत जाईल एवढं भोक होतं. असलमने हात घालून पाहिला. बाहेर काढला तेव्हा मुठीत केस, चिंध्या आणि काळा गाळ होता. तो तसाच हात पुढे धरून पालिकेत गेला आणि साहेबांच्या टेबलावर त्याने मूठ उघडली. आता मात्र साहेब गुन्ह्याचं काही बोलले नाहीत. त्याच संध्याकाळी जळगावहून दोन टँकर आले.

पुढे चौकशी झाली. तीन महिने चालली. असलमने यादी फ्लॉपीसकट दिली, पण चौकशीच्या साहेबांकडे ती उघडायला मशीन नव्हतं, म्हणून कागद जोडला. अहवालात लिहिलं होतं की संबंधित रोजंदारी कर्मचाऱ्याने गळतीची माहिती असूनही पाणी सोडल्याचे त्याच्याच कबुलीवरून दिसते. आबांचे तीन अर्ज दफ्तरात सापडले नाहीत. आबांना काढलं. मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली, तीही बढतीवर. आबा अमळनेरला एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला जाऊ लागले. अठ्ठावन्नाव्या वर्षी.

शेठने क्लास चालू ठेवला, पण असलम परत आला नाही. तो धुळ्याला गेला. जायच्या आधी त्याने कोकिळाला शेवटची यादी नीट लावून द्यायला सांगितलं. टँकर आल्यानंतरही नावं येतच राहिली होती, अगदी ऑक्टोबरपर्यंत. सहाशे अकरा. चौकटीत नऊ. नऊपैकी सहा पोटुशा.

ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी अमिनाबी कोकिळाच्या घरी आल्या. घरात त्या हिंदी बोलायच्या, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांशी अहिराणीच. कोकिळाने पाट दिला, पाणी दिलं. पाणी उकळलेलं आहे, हेही सांगितलं. अमिनाबी हसल्या नाहीत.

"बेटी, असलमनी माले काही नही सांगं. तू सांग. तुले कोणता दिवशी मालूम पडनं, पानी खराब शे?"

कोकिळाची आई चुलीपाशी थबकली. कोकिळाच्या तोंडाशी डॉक्टरीणबाईंचं वाक्य आलं होतं. ते सांगितलं असतं तर खोटं ठरलं नसतं.

"जुबेदाचे डोळे पिवळे झाले, त्याच्या नऊ दिवस आधी, खाला," ती म्हणाली. "मी कुणाला बोलले नाही. आबांची नोकरी जाईल म्हणून."

अमिनाबींनी पेला खाली ठेवला. बराच वेळ त्या पदराचा काठ बोटांनी दुमडत राहिल्या.

"आनि त्या नऊ दिन तू मन्हा घर रोज ये," त्या म्हणाल्या.

"हो, खाला."

"तिन्हाजोडे बठे."

"हो."

अमिनाबी उठल्या. पायात चपला सरकवल्या आणि बोळातून निघून गेल्या. त्या शिव्या देतील, रडतील, असं कोकिळाला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ती उंबऱ्यात उभी राहून त्यांची पाठमोरी, जरा वाकलेली आकृती मोमीन गल्लीच्या वळणापर्यंत जाताना बघत राहिली. आईने आतून दोनदा हाक मारली, तरी तिला आत जाववेना.